रोमचे प्रजासत्ताक सीझरने बुडवले नाही

लोकशाहीच्या भवितव्यावर वाद रंगला की कुणी ना कुणी रोमचा दाखला देतोच, आणि लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ज्यूलियस सीझर नावाच्या एका सत्तापिपासू माणसाने साडेचारशे वर्षांच्या प्रजासत्ताकाचा गळा घोटला. दुसरा म्हणतो, ते प्रजासत्ताक आतून किडलेलेच होते; लोक चैनीला सोकावले होते, पुढारी लाचखाऊ झाले होते, तेव्हा कुणीतरी कणखर माणूस येऊन घडी बसवणारच होता. दोन्ही तटांना इतिहासात रस आहे तो आजच्या आवडत्या वा नावडत्या नेत्याची बाजू मांडण्यापुरता. सीझर खलनायक ठरला की एकाचे काम भागते, तारणहार ठरला की दुसऱ्याचे. रोमच्या फौजेत कोण भरती होत होते, त्यांना काय मिळत होते आणि लढाई संपल्यावर ते कुठे जात होते, हा प्रश्न या वादात कुणी विचारत नाही. माझ्या मते सगळे उत्तर त्या प्रश्नात आहे. रोमच्या सत्ताधारी वर्गाने युद्धांची कमाई घेतली, पण युद्धावरून परतलेल्या सैनिकाचे पुढे काय करायचे याची जबाबदारी सरकारने उचलावी हे शेवटपर्यंत मान्य केले नाही. ती जबाबदारी सेनापतींनी उचलली. फौजा त्यांच्या झाल्या आणि प्रजासत्ताकाकडे स्वतःच्या रक्षणासाठी कुणीच उरले नाही.

हा सैनिक कोण होता? लिव्ही या रोमन इतिहासकाराने इ. स. पू. १७१ मधला एक प्रसंग दिला आहे. मॅसिडोनियाच्या युद्धासाठी भरती चालू असताना स्पुरियस लिगस्टिनस नावाचा पन्नाशी उलटलेला सेंच्युरियन, म्हणजे शिपायांच्या तुकडीचा नायक, सभेत बोलायला उभा राहतो. तो सांगतो, वडिलांनी माझ्यासाठी एक युगेरम जमीन आणि एक लहानशी झोपडी ठेवली, तिथेच मी जन्मलो आणि आजही तिथेच राहतो. एक युगेरम म्हणजे आपल्या हिशेबात पंचवीस गुंठे. बायको चुलत्याची मुलगी, तिने माहेरून काहीच आणले नव्हते. सहा मुलगे, दोन मुली. बावीस वर्षे नोकरी. शौर्याबद्दल चौतीस वेळा गौरव, सहकारी नागरिकाचे प्राण वाचवल्याबद्दल मिळणारा मुकुट सहा वेळा. हे भाषण लिव्हीने आपल्या शब्दांत घडवले असणार, त्या काळचे इतिहासकार असेच लिहीत. पण आदर्श सैनिकाचे चित्र रंगवतानाही त्याच्या नावावर पंचवीस गुंठ्यांहून अधिक जमीन दाखवावी असे लिव्हीला वाटले नाही. ग्रीस, स्पेन, पुन्हा ग्रीस, पुन्हा स्पेन असा बावीस वर्षांचा प्रवास करून माणूस जिथून निघाला त्याच झोपडीत परत आला आहे. आणि त्या पंचवीस गुंठ्यांवर आता सहा मुलगे हक्क सांगणार आहेत.

जुनी व्यवस्था सरळ होती. ज्याच्याकडे थोडीफार मालमत्ता आहे तोच फौजेत जाई, हंगाम साधून लढे आणि शेतावर परते. शत्रू इटलीतच होता तोवर हे जमून गेले. स्पेनमध्ये एकेका तुकडीला वर्षानुवर्षे अडकून पडावे लागू लागले तेव्हा ती घडी विस्कटली. त्याच काळात रोममध्ये पैसा ओतला जात होता. इ. स. पू. १६८ मध्ये पिड्ना येथे मॅसिडोनियाचा पराभव झाला आणि पुढच्याच वर्षापासून रोमन नागरिकांवरचा थेट कर बंद करण्यात आला. त्याच वर्षी एपायरसमधून दीड लाख माणसे गुलाम म्हणून नेली गेली, असे प्राचीन लेखक सांगतात. कर माफ, गुलाम स्वस्त, आणि जिंकलेल्या सरकारी जमिनींवर बड्या घराण्यांचा कब्जा. विजयाची ही वाटणी नीट पाहावी. करमाफीचा मोठा लाभ ज्याच्याकडे मोठी मालमत्ता आहे त्याला होतो, गुलाम ज्याच्याकडे मोठे शेत आहे तोच विकत घेतो. लिगस्टिनसच्या वाट्याला यातले काय आले?

इ. स. पू. १३३ मध्ये ट्रिब्यून, म्हणजे सामान्य लोकांनी निवडलेला अधिकारी, टायबेरियस ग्राकस याने जो कायदा मांडला त्यात क्रांतिकारक असे फार थोडे होते. सरकारी जमीन एका माणसाने पाचशे युगेरांपेक्षा, म्हणजे सुमारे ३१० एकरांपेक्षा, जास्त बळकावू नये ही मर्यादा जुनीच होती. ती पाळावी आणि जास्तीची जमीन गरीब नागरिकांना वाटावी एवढेच त्याचे म्हणणे. खाजगी मालकीच्या जमिनीला तो हात लावत नव्हता. रानातल्या श्वापदांनाही बीळ असते, पण इटलीसाठी मरणाऱ्यांच्या वाट्याला हवा आणि उजेड यांपलीकडे काही नाही, हे त्याचे उद्गार प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने नोंदवले आहेत. पुढे पुन्हा निवडून येण्याच्या त्याच्या प्रयत्नावरून तंटा झाला, आणि मुख्य पुरोहित स्किपिओ नासिका याच्यामागोमाग सिनेटर, म्हणजे बड्या घराण्यांच्या सिनेट या सभेचे सभासद, बाकांचे मोडके पाय हातात घेऊन धावून गेले. टायबेरियस मारला गेला. प्लुटार्क मृतांचा आकडा तीनशेच्या वर सांगतो. कुणीही लोखंडी शस्त्राने मेला नाही, सगळे दांडक्यांनी आणि दगडांनी मेले, असेही तो लिहितो. प्रेते रात्री टायबर नदीत फेकली गेली. रोमच्या राजकारणात नागरिकाने नागरिकाचे रक्त सांडण्याची सुरुवात इथून झाली. सीझरच्या जन्माला तेव्हा आणखी तेहतीस वर्षे होती.

इथे विरोधकांचा सर्वात मजबूत मुद्दा येतो आणि तो मनापासून मान्य केला पाहिजे. इटलीतला छोटा शेतकरी देशोधडीला लागला आणि सगळीकडे गुलामांच्या बळावर चालणारी मोठी शेते पसरली, हे चित्र जसेच्या तसे टिकत नाही. रोमच्या उत्तरेला दक्षिण एट्रुरियात पुरातत्त्वज्ञांनी शेतोशेत फिरून पाहणी केली, तेव्हा अनेक ठिकाणी लहान शेते नांदती असल्याच्या खुणा सापडल्या. ग्राकसच्या भाषणांत अतिशयोक्ती होती असे आज बरेच अभ्यासक मानतात. शेतकरी नाहीसा होत नव्हता, उलट लोकसंख्या वाढल्याने जमीन कमी पडत होती, असेही काहींचे म्हणणे आहे. मान्य. पण त्याने युक्तिवाद बदलतो कुठे? सावकाराने हुसकावलेला शेतकरी असो की पंचवीस गुंठ्यांवर वाढलेला सहावा मुलगा, दोघांनाही जमीन हवीच होती आणि दोघेही लढायला तयार होते. शिवाय जमीन वाटणे सरकारच्या आवाक्याबाहेरचे होते असेही नाही. टायबेरियसच्या खुनानंतरही त्याच्या कायद्याखाली नेमलेला तिघांचा आयोग काम करत राहिला. त्याने रोवलेले हद्दीचे दगड दक्षिण इटलीत सापडले आहेत, त्यांवर तिघा आयुक्तांची नावे कोरलेली आहेत. मोजणी होत होती, खुणा रोवल्या जात होत्या, काम चालू होते. चारच वर्षांत या आयोगाचा तंटे सोडवण्याचा अधिकार काढून घेतला गेला आणि काम थंडावले.

सेनापती मारियसबद्दलही अशीच एक सवलत द्यायला हवी. इ. स. पू. १०७ मध्ये त्याने मालमत्ता नसलेल्यांना फौजेत घेतले आणि एका फटक्यात नागरिकांची फौज पोटभरू फौज झाली, असे पाठ्यपुस्तकांत असते. प्रत्यक्षात मालमत्तेची अट आधीपासून खाली खाली येत होती, आणि मारियसनंतरही सक्तीची भरती चालूच राहिली. पण भरतीची दारे उघडताना परतीचा विचार कुणी केला? आफ्रिकेतल्या युद्धातून आलेल्या मारियसच्या सैनिकांना जमीन मिळाली ती सॅटर्निनस या ट्रिब्यूनच्या दांडगाईतून. सिनेटने स्वतःहून, शांतपणे, नेहमीचे सरकारी काम म्हणून ती दिली नाही. दांडगाई केल्याशिवाय काही पदरात पडत नाही, ही शिकवण सैनिकांना कुणा भडक वक्त्याने दिली नव्हती, सिनेटच्या नकारांनीच दिली होती.

हीच खोड इटलीतल्या मित्रराष्ट्रांच्या बाबतीत दिसते. रोमच्या फौजेत निम्म्याच्या आसपास माणसे त्यांची, पण नागरिकत्व नाही, मत नाही, रोमन अधिकाऱ्याच्या फटक्यांपासून संरक्षण नाही. इ. स. पू. ९१ मध्ये त्यांना नागरिकत्व देण्याचा प्रस्ताव मांडणाऱ्या ड्रुसस या ट्रिब्यूनचा स्वतःच्या घरात खून झाला आणि इटली पेटली. बंडखोरांनी कॉर्फिनियम या गावी राजधानी केली, स्वतःची नाणी पाडली. त्यांतल्या एका नाण्यावर इटलीचा बैल रोमच्या लांडगीला शिंगांनी भोसकतो आहे. चांदीचा तो एवढासा तुकडा पाहिला की आपल्याच सैनिकांच्या मनात काय साचले होते ते कळते. आणि सिनेटने काय केले? वर्षभर रक्त सांडल्यावर इ. स. पू. ९० मध्ये तेच नागरिकत्व देऊ केले. जे सलोख्याने देता आले असते ते हजारो मुडदे पडल्यावर दिले.

त्या युद्धातूनच सुला हा सेनापती पुढे आला. इ. स. पू. ८८ मध्ये पूर्वेकडच्या मोहिमेचे सेनापतिपद त्याच्याकडून काढून मारियसला देण्यात आले. ती मोहीम श्रीमंत मुलखातली होती, तिथे लूट होती. सुलाने आपल्या सहा लिजन, म्हणजे काही हजार सैनिकांची एकेक अशी सहा दले, रोमवर नेल्या. ॲपियन हा इतिहासकार एक तपशील देतो तो फार मोलाचा आहे: एका क्वेस्टरचा (हिशेब पाहणाऱ्या अधिकाऱ्याचा) अपवाद सोडला तर सुलाचे सगळे वरिष्ठ अधिकारी त्याला सोडून गेले, आपल्याच शहरावर चाल करणे त्यांना सहन झाले नाही. सैनिक मात्र गेले नाहीत. वरिष्ठ अधिकारी बड्या घरांतले, प्रजासत्ताकाने त्यांना पदे दिली होती, जमिनी दिल्या होत्या, मान दिला होता. साध्या सैनिकाला त्याने काय दिले होते, म्हणून त्याचे पाय अडखळावेत? सैनिक लुटीला हपापले होते असे कुणी म्हणेल, आणि त्यात खोटे काही नाही. पण लुटीवाचून ज्याच्या म्हातारपणाची दुसरी सोयच नाही, त्याने लुटीकडे पाठ फिरवावी ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची?

आता त्या प्रसंगाकडे येतो ज्यावर माझा सगळा युक्तिवाद उभा आहे. इ. स. पू. ६२ च्या अखेरीस सेनापती पॉम्पी पूर्वेकडची युद्धे जिंकून इटलीच्या ब्रुंडिसियम बंदरात उतरला. रोममध्ये घबराट होती, हा दुसरा सुला होणार अशी. धनाढ्य पुढारी क्रॅससने मुलाबाळांसह पैसाअडका घेऊन शहर सोडले, असे प्लुटार्क सांगतो. पॉम्पीने काय केले? सैनिकांना एकत्र केले, विजययात्रेला भेटू म्हणाला आणि घरी पाठवून दिले. प्रजासत्ताकाने सेनापतीकडून जे जे अपेक्षावे ते त्याने केले. त्याच्या मागण्या दोनच: पूर्वेत केलेल्या व्यवस्थेला मंजुरी आणि सैनिकांना जमीन. जमिनीसाठी पैसा होता का? भरपूर होता. पॉम्पीच्या विजयांमुळे रोमचे वार्षिक उत्पन्न पाच कोटी द्राख्मांवर साडेआठ कोटींनी वाढले असे प्लुटार्क लिहितो. इ. स. पू. ६० मध्ये फ्लेवियस या ट्रिब्यूनने मांडलेल्या कायद्यात याच नव्या उत्पन्नातून पाच वर्षे जमिनी विकत घ्यायची तरतूद होती. सिसेरोसारखा मालमत्तेचा कैवारी काही दुरुस्त्यांसह त्याला राजी होता. केटो, लुकुलस आणि त्या वर्षीचा कॉन्सल (रोमच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक) मेटेलस केलेर यांनी तो हाणून पाडला. आणि त्याच वर्षी इटलीच्या बंदरांवरची जकात रद्द करण्यात आली. सैनिकाला जमीन द्यायला पैसा नाही, जकात माफ करायला आहे.

वर्षभराने सीझर कॉन्सल झाला आणि त्याने जमिनीचा कायदा आणला. सीझरचा चाहता नसलेला कुणीही तो कायदा वाचेल तर त्याला दोष काढणे अवघड जाईल. जमीन राजीखुशीने विकणाऱ्याकडूनच घ्यायची, किंमत सरकारी नोंदीप्रमाणे द्यायची, वाटपासाठी वीस जणांचा आयोग, आणि त्यात खुद्द सीझर नसणार. कॅसियस डायो हा इतिहासकार सांगतो की सिनेटमध्ये कुणालाही त्यात खोट काढता आली नाही. केटोचेही म्हणणे एवढेच की आहे ते चालू द्या, त्यापलीकडे जाऊ नका. मग तो बोलतच राहिला, सीझरने त्याला तुरुंगात न्यायचा हुकूम दिला, सिनेटर त्याच्यामागून उठून गेले. शेवटी कायदा झाला तो पॉम्पीच्या जुन्या सैनिकांच्या गर्दीत, दुसऱ्या कॉन्सलच्या अंगावर शेण ओतून. सीझरने दांडगाई केली हे खरे आहे, ती गैर होती हेही खरे आहे. केटो हा रोममधला बहुधा सर्वात सचोटीचा माणूस होता, लाच घेत नव्हता, चैन करत नव्हता. चैनीने प्रजासत्ताक बुडाले म्हणणाऱ्यांनी त्याचा विचार करावा. प्रजासत्ताकाचे सर्वात मोठे नुकसान करणारा नकार सर्वात स्वच्छ माणसाच्या तोंडून आला. पॉम्पी आणि सीझर एकत्र आले ते या नकारामुळे. आणि पॉम्पीच्या सैनिकांनी यातून काय धडा घ्यावा? सेनापतीने फौज मोडली की जमीन मिळत नाही, हाच ना?

चैनीच्या सिद्धान्तात आणखी एक अडचण आहे. पहिला सम्राट ऑगस्टस याच्यानंतर रोममधली चैन कमी झाली नाही, कित्येक पटींनी वाढली. तरीही पुढच्या पावणेदोनशे वर्षांत इ. स. ६९ चे एक वर्ष सोडले तर रोमन फौजा एकमेकींवर तुटून पडल्याचे प्रसंग फारसे नाहीत. रेशीम आणि मेजवान्या यांनी यादवी होत असती तर तेव्हा व्हायला हवी होती.

राहिला महत्त्वाकांक्षी माणसाचा मुद्दा. सीझरने फौजेसह रुबिकॉन नदी ओलांडून यादवी ओढवली ती स्वतःच्या मानासाठी, याबद्दल मला शंका नाही. इ. स. पू. ५० च्या १ डिसेंबरला सिनेटमध्ये सीझर आणि पॉम्पी दोघांनीही फौज सोडावी या ठरावाला ३७० मते पडली आणि विरोधात फक्त २२, असे ॲपियन लिहितो. म्हणजे युद्ध टाळता येत होते, मूठभर माणसांनी ते टाळू दिले नाही. व्यक्तींना महत्त्व असते. पण व्यक्ती हेच मूळ असते तर इ. स. पू. ४४ च्या १५ मार्चला रोग बरा झाला असता. ब्रूटस आणि कॅसियस यांनी सीझरला मारले आणि प्रजासत्ताक परत येण्याची वाट पाहिली. दीड वर्षही झाले नव्हते तेव्हा एकोणीस वर्षांच्या ऑक्टेव्हियनला (सीझरचा वारस, पुढे हाच ऑगस्टस झाला) कॉन्सल करा म्हणून त्याच्या सैनिकांचे शिष्टमंडळ सिनेटपुढे आले. सिनेट टाळाटाळ करू लागली तसा कॉर्नेलियस नावाच्या सेंच्युरियनने अंगरखा मागे सारून तलवारीची मूठ दाखवली आणि म्हणाला, तुम्ही केले नाहीत तर ही करील. सुएटोनियस या चरित्रकाराने दिलेल्या या प्रसंगातला माणूस लिगस्टिनसच्याच हुद्द्याचा आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी तो सभेत उभा राहून पुन्हा भरती व्हायची तयारी दाखवत होता. एवढ्या काळात असे काय घडले की त्याचा हात मुठीवर गेला, हे विचारायचे की सीझर चांगला होता की वाईट यावर भांडायचे?

नगरराज्याची घटना साम्राज्याला पुरणारी नव्हती, पडझड अटळ होती, असा फ्रेंच विचारवंत मॉन्टेस्क्यूपासून चालत आलेला एक गंभीर युक्तिवाद आहे. त्यात बरेच तथ्य आहे. टायबरकाठच्या सभेत मत द्यायला पो नदीकाठचा नागरिक कसा येणार? पण रोमन लोकांना घटना वाकवता येत नव्हती असे म्हणणे चुकीचे आहे. प्रांत वाढले तसे प्रेटर, म्हणजे न्याय आणि प्रांत सांभाळणारे अधिकारी, दोनाचे चार, चाराचे सहा, सहाचे आठ झाले. सुभेदारांच्या लुटीविरुद्ध इ. स. पू. १४९ मध्ये कायमचे न्यायालय उभे राहिले. जिथे सत्ताधाऱ्यांना गरज वाटली तिथे नवी यंत्रणा निघाली. निवृत्त सैनिकासाठी निघाली नाही, कारण तिचा खर्च त्यांच्या खिशातून जाणार होता.

हे रोमपुरतेच नाही. १६४७ मध्ये इंग्लंडच्या संसदेने राजाविरुद्धचे युद्ध जिंकून देणारी आपलीच फौज थकलेला पगार न चुकवता मोडायला काढली. सैनिकांनी आपले प्रतिनिधी निवडले, ऑगस्टमध्ये फौज लंडनमध्ये शिरली, पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात कर्नल प्राइडने संसदेच्या दारात उभे राहून सभासद अडवले. आपल्याकडे शिवाजी महाराजांनी जमिनी तोडून देण्याऐवजी खजिन्यातून रोख पगार देण्याचा कटाक्ष ठेवला होता. औरंगजेबाशी झुंजताना राजारामांच्या काळात वतने आणि सरंजाम देणे भाग पडले, आणि पुढच्या शतकात फौजा छत्रपतींपेक्षा आपापल्या सरदारांच्या होत गेल्या. तिथे प्रजासत्ताक नव्हते, म्हणून तुलना फार ताणू नये. पण शिपायाच्या पोटाची सोय ज्याच्या हाती, शिपाई त्याचा, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

रोममध्ये अखेर हे काम ऑगस्टसने केले. आधी त्याने तेच केले जे सगळ्यांनी केले होते, फक्त अधिक क्रूरपणे: इ. स. पू. ४२ नंतर इटलीतल्या अठरा शहरांच्या जमिनी सैनिकांसाठी हिसकावून घेतल्या, निरपराध शेतकरी उघड्यावर पडले. पुढे सत्ता पक्की झाल्यावर त्याने जमिनी पैसे मोजून घेतल्या. इटलीतल्या जमिनींसाठी सुमारे साठ कोटी सेस्टर्स दिले असे त्याने स्वतःच कोरून ठेवले आहे. इ. स. ५ मध्ये वीस वर्षे नोकरी केलेल्या लिजनच्या सैनिकाला बारा हजार सेस्टर्स, म्हणजे जवळजवळ तेरा वर्षांचा पगार, निवृत्तीला देण्याचे ठरले. पुढच्या वर्षी त्यासाठी वेगळा सैनिकी खजिना स्थापन झाला. सुरुवातीला ऑगस्टसने स्वतःचे सतरा कोटी घातले, आणि कायमचे उत्पन्न म्हणून वारसाहक्कावर पाच टक्के आणि लिलावातल्या विक्रीवर एक टक्का कर लावला. जवळच्या नातेवाइकांना आणि गरिबांना वारसाकरातून सूट होती. यातली कोणती गोष्ट इ. स. पू. ६० च्या सिनेटला अशक्य होती? पैसा होता, मोजणीदार होते, नोंदी होत्या, कायद्याचे मसुदे तयार होते.

सिनेटर या करावरही कुरकुरत राहिले. इ. स. १३ मध्ये नाराजी फार वाढली तेव्हा म्हाताऱ्या ऑगस्टसने त्यांना सांगितले की हा कर नको असेल तर पैसा उभा करण्याचा दुसरा मार्ग तुम्हीच सुचवा. त्यांना सुचवता आला नाही. मग त्याने शेते आणि घरे यांवर कर लावण्याची भाषा केली आणि मालमत्तेच्या नोंदी करायला माणसे पाठवली. तेव्हा त्यांनी वारसाकर मुकाट्याने मान्य केला. एकशे पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्यांच्याच पूर्वजांसमोर टायबेरियस ग्राकसने याहून कितीतरी स्वस्तातला कायदा ठेवला होता, आणि तेव्हा तो नाकारायचा अधिकार त्यांच्याकडे होता.